'विनाकारण बंडखोर' म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे: जेम्स डीन या हॉलिवूडच्या नटाच्या 'रिबेल विदाऊट अ कॉज' या चित्रपटाचं नाव एका मराठी लेखात 'विनाकारण बंडखोर' असं दिलेलं दिसलं, ते बरोबर आहे का? आणि त्यातल्या मुलांना पौगंड म्हणावं, किशोर म्हणावं, की सरळ टीनएजर?

आधी नावाचं पाहू. 'विनाकारण' इथे बसत नाही. इंग्रजीतल्या 'कॉज'चे दोन अर्थ आहेत. ज्याच्यामुळे एखादी गोष्ट घडते ते, म्हणजे तापाचं किंवा अपघाताचं कारण, हा पहिला. ज्याच्यासाठी माणूस झटतो, लढतो, प्रसंगी तुरुंगात जातो ते, हा दुसरा. नावातला कॉज या दुसऱ्या जातीचा आहे आणि त्याला पुरावाही आहे. हे नाव मुळात चित्रपटाचं नाहीच. रॉबर्ट लिंडनर या मनोविश्लेषकाचं १९४४ साली एक पुस्तक आलं. तुरुंगातल्या एका तरुण कैद्याला संमोहित करून त्याच्या मनाचा तळ कसा शोधला, याची ती हकीकत. वॉर्नर ब्रदर्सने त्याचे हक्क घेतले. पुढे निकोलस रे या दिग्दर्शकाने १९५५ साली चित्रपट केला तेव्हा पुस्तकातलं त्यात काहीच उरलं नाही, नाव तेवढं राहिलं. लिंडनरने त्या नावाचा खुलासा स्वतःच केलेला आहे. त्याच्या मते असा माणूस म्हणजे कॉज नसलेला बंडखोर, घोषणा नसलेला चळवळ्या, कार्यक्रम नसलेला क्रांतिकारक. घोषणा आणि कार्यक्रम यांच्या पंगतीत बसलेला कॉज म्हणजे 'कारण' असू शकत नाही.

शिवाय चित्रपट पाहिलेल्याला 'विनाकारण' म्हणवणार नाही. या मुलांच्या बंडाला कारणं ढिगाने आहेत. सुरुवातीलाच तिघं पोलीस ठाण्यात भेटतात. जिम दारू पिऊन रस्त्यावर पडलेला, ज्युडी रात्री-अपरात्री एकटी हिंडताना सापडलेली, प्लेटोने कुत्र्याच्या पिल्लांना गोळ्या घातलेल्या. जिमच्या वडिलांचं घरात बायकोपुढे आणि स्वतःच्या आईपुढे काही चालत नाही. मुलाने कुठे भानगड केली की बिऱ्हाड दुसऱ्या गावी हलवायचं, हा त्यांचा उपाय. ज्युडी मोठी झाली म्हणून तिने जवळ आलेलं वडिलांना चालत नाही. लाडाने गालाचा मुका घेतला तर थप्पड बसते. प्लेटोचे वडील पैशांचा चेक पाठवतात, आईचा पत्ता नसतो, पोराला सांभाळते ती घरकाम करणारी बाई.

मराठीत एक गंमत आहे. 'का' हा एवढासा शब्द 'कशामुळे' आणि 'कशासाठी' या दोन्हींचं काम करतो. चित्रपटातला सर्वांत महत्त्वाचा संवाद नेमका यावर तोललेला आहे. चोरलेल्या दोन मोटारी कड्याच्या दिशेने भरधाव सोडायच्या, आधी बाहेर उडी टाकेल तो भित्रा, अशी पैज लागलेली असते. त्याआधी प्रतिस्पर्धी बझ जिमला म्हणतो की तू मला आवडतोस. मग आपण हे का करतो, असं जिम विचारतो. बझचं उत्तर साधारण असं: काहीतरी करायलाच हवं ना! 'कशामुळे' विचारलं असतं तर ही पोरं रात्रभर बोलत बसली असती. 'कशासाठी'चं उत्तर मात्र कोणाकडेच नाही. थोड्या वेळाने बझच्या बाहीचा पट्टा मोटारीच्या दाराच्या मुठीत अडकतो, त्याला उडी टाकता येत नाही आणि तो मोटारीसकट खाली जातो.

पण गोष्ट तिथे थांबत नाही. जिमला पोलिसांकडे जाऊन घडलेलं सांगायचं असतं, आणि आई-वडील त्याला अडवतात. जन्मभर असा आदर्शवाद धरून चालत नाही, अशी वडिलांची शिकवण. माझ्या बाजूने उभे राहा, असं मुलगा बापाला विनवतो. त्या घरात त्या रात्री कॉज असलेला माणूस एकच आहे आणि तो म्हणजे हा 'विदाऊट अ कॉज'वाला. म्हणून हे नाव मी थोरांनी मुलांवर मारलेला शेरा म्हणूनच वाचतो. त्या दृष्टीने 'विनाकारण'चीही थोडी बाजू घेता येते, कारण 'विनाकारण उलट बोलू नकोस' हे घरोघरी थोरांच्याच तोंडचं वाक्य. पण ही बाजू आपण मागाहून शोधलेली. अनुवाद करणाऱ्याने एवढा विचार केला असेल असं वाटत नाही.

मराठीतल्या 'कारण' शब्दाला मात्र दोष देऊ नये. त्याच्यात हा दुसरा अर्थ एकेकाळी होता, आणि अजून कोपऱ्याकोपऱ्यात शिल्लक आहे. जुन्या कवितेत 'तुजकारणें' म्हणजे 'तुझ्यासाठी'. राजकारण, समाजकारण, अर्थकारण यांतलं कारण 'मुळे'चं नाही, ते कार्याच्या, व्यवहाराच्या अंगाने जाणारं आहे. आणि 'देह सत्कारणी लागला' म्हणतो तेव्हा तर ते इंग्रजी 'गुड कॉज'च्या अगदी शेजारी जाऊन बसतं. दुर्दैवाने 'विनाकारण' आणि 'निष्कारण' या दोन शब्दांत हा अर्थ उरला नाही. तिथे 'उगाच' एवढंच ऐकू येतं.

आता 'बंडखोर'. यातलं 'खोर' फारसीतून आलं, मूळ अर्थ खाणारा. लाचखोरात तो अर्थ अजून जिवंत आहे. भांडखोर, चहाडखोर, मस्तीखोर यांत तो खोड दाखवतो. म्हणजे बंडखोर हा शब्दच मुळी 'याला बंडाची खोड आहे' असं सुचवतो. आणि 'बंड' हे नाव बहुधा ज्याच्याविरुद्ध ते झालं त्याच्या बाजूने दिलेलं असतं. १८५७ ला इंग्रज शिपायांचं बंड म्हणत होते. सावरकरांनी त्याला स्वातंत्र्यसमर म्हटलं ते याच कारणाने. हेतू मान्य झाला की मराठीत बंडाला बढती मिळते, त्याचा उठाव होतो, लढा होतो, समर होतं. निवडणुकीच्या दिवसांत वर्तमानपत्रं ज्यांना बंडखोर म्हणतात त्यांचा हेतू तर सगळ्यांना ठाऊक असतो, तिकीट! तिथेही बंडखोर हे नाव पक्षाने दिलेलं. 'विद्रोही' मात्र जिमला लावू नये. दलित साहित्याच्या आणि परिवर्तनाच्या चळवळींनी त्या शब्दाला मराठीत विषमतेविरुद्धच्या लढ्याचा ठोस अर्थ दिला आहे, त्याच्यात कॉज गच्च भरलेला आहे.

मग म्हणायचं काय? 'ध्येयहीन बंडखोर' अर्थाला बरोबर आहे, पण ऐकायला शाळेच्या प्रगतिपुस्तकातला शेरा वाटतो. 'हेतुशून्य' त्याहून कोरडं. मराठीत बंडाचं निशाण उभारतात, फडकवतात. तो वाक्प्रचार धरला तर 'बिननिशाणाचं बंड' असं म्हणता येईल. लिंडनरच्या घोषणा आणि कार्यक्रमाशी ते जुळतं, आणि कारणं आहेत की नाहीत याबद्दल ते काही बोलत नाही. (पुढच्या पिढ्यांनी जिमचं लाल जाकीटच निशाण करून टाकलं, ही वेगळी गोष्ट. चित्रीकरण सुरू झालं होतं कृष्णधवल. ते रंगीत करायचं मागाहून ठरलं, नाहीतर त्या लाल रंगाची कोणी आठवणही काढली नसती.) लेखात उल्लेख करताना मूळ नाव देवनागरीत लिहून पुढे एकदा हे द्यावं, एवढं माझं मत.

मुलांना काय म्हणावं, याचं उत्तर मला कमी समाधानकारक देता येतं. टीनएजर हा शब्द इंग्रजी आकड्यांच्या शेपटीवर बेतलेला आहे, तेरा ते एकोणीस. मराठीत तसं जमत नाही. अकरा, बारा, तेरा एका सुरात येतात, चौदा आणि सोळा फुटून निघतात, आणि एकोणीस तर विसाच्या घरी जाऊन 'एक उणा' म्हणून बसतो. 'पौगंड' पाठ्यपुस्तकांमुळे रुळला आहे, पण संस्कृतात त्याचं वय भलतंच होतं. पाचव्या वर्षापर्यंत कौमार, दहाव्यापर्यंत पौगंड, पंधराव्यापर्यंत कैशोर, त्यापुढे यौवन, अशी जुनी वाटणी सांगतात. त्या हिशेबाने जिम आणि ज्युडी सरळ यौवनात येतात. अर्थ सरकला, तो सरकलेलाच आता बरोबर, त्याबद्दल भांडू नये. तरी 'पौगंडावस्था' ही अवस्था झाली, तिच्यातल्या माणसाला हाक मारायला शब्द नाही. 'ए पौगंडा' असं कोणी म्हणत नाही. 'किशोर' फार गोजिरवाणा, मासिकातला. बोलण्यात 'वयात आलेली मुलं' किंवा 'मिसरूड फुटलेली पोरं' चालतं, पण दुसऱ्यात ज्युडी बसत नाही. चित्रपटाबद्दल लिहिताना टीनएजर लिहावं, तो शब्द आता आपल्याकडे घरचा झाला आहे.

प्रश्नात नव्हता, पण एक शब्द सांगायलाच हवा. जिमला चिडवायला पोरं त्याला 'चिकन' म्हणतात, आणि तेवढ्यावर त्याचं डोकं फिरतं. मराठी उपशीर्षकात 'चिकन' ठेवलं तर ताट डोळ्यांपुढे येईल. 'भित्रा' फार सौम्य. 'शेळपट' चांगला आहे. पण सुटावर झालरीचा एप्रन बांधून, गुडघ्यांवर बसून सांडलेलं गोळा करणारे वडील, आणि आवाजावरून त्यांना आधी आईच समजणारा मुलगा, हे दृश्य पाहिल्यावर जिमला नेमकी कशाची धास्ती आहे ते कळतं. ती 'शेळपट'मध्ये येत नाही. मी 'भागूबाई' वापरला असता.