स्वमग्न, स्वलीन आणि पाणकावळा

खानापूर तालुक्यातल्या एका शिक्षिका विचारतात : वर्गातल्या एका मुलाला डॉक्टरांनी ऑटिझम असल्याचं सांगितलंय. हाक मारली तर तो बघत नाही, पण काल विचारलेल्याचं उत्तर आज देतो. सहकारी त्याला ‘मतिमंद’ म्हणतात आणि ‘स्वमग्न’ हा त्याचाच सभ्य शब्द समजतात. हे बरोबर का? आणि कन्नडमध्ये ‘स्वलीनते’ म्हणतात, तर मराठीतही ‘स्वलीन’ का नको?

पहिलं साफ चूक आहे. बेळगावात हे ऐकून ऐकून कान किटले. बौद्धिक अक्षमता वेगळी, ऑटिझम वेगळा. काही मुलांत दोन्ही असतात, पुष्कळांत नसतात. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत ऑटिझम ‘बौद्धिक अक्षमता’ या मथळ्याखाली येतो खरा, पण तिथंही त्याची व्याख्या वेगळी दिलीय.

आता शब्द. ‘स्व’ आला तो ग्रीक ‘औटोस’मुळे, म्हणजे ‘स्वतः’. स्विस मनोविकारतज्ज्ञ ब्लॉयलर यांचा ‘ऑटिझम’ हा मुळात स्किझोफ्रेनियाच्या एका लक्षणासाठीचा शब्द. १९४३ साली अमेरिकेत बाल्टिमोरचे बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी ११ मुलांचं वर्णन करताना तोच उचलला. पुढे १९८०च्या अमेरिकी निदानसूचीत हे दोन विकार वेगळे झाले, नाव मात्र चिकटून राहिलं. तेव्हा ‘स्व’वर भांडण्यात अर्थ नाही, भांडायचं ते पुढच्या अर्ध्या शब्दावर.

‘लीन’ आला ‘ली’ धातूवरून : चिकटणं, विरघळणं. लय, प्रलय, विलीन ही त्याचीच पिलावळ. मीठ पाण्यात विलीन झालं की मिठाचा खडा उरत नाही. ‘मग्न’ आला ‘मस्ज्’वरून, म्हणजे बुडी मारणं. बुडालेला पाण्याखाली अख्खाच असतो! आणि खरी गंमत पुढे आहे. संस्कृत व्याकरणात शब्द कसे साधतात ते सांगणाऱ्या उणादिसूत्रांत याच ‘मस्ज्’ला ‘उ’ लावून ‘मद्गु’ साधलाय : बुड्या मारणारा पाणपक्षी. माझ्या मते आपला पाणकावळाच. लॅटिनमध्येही बुडवण्याच्या ‘मर्गेरे’वरून अशा पक्ष्याला ‘मर्गुस’ म्हणतात, आणि ते क्रियापद ‘मस्ज्’चं सख्खं भावंड. बेळगावजवळच्या राकसकोप जलाशयाच्या पाण्याकडे बघत बसा. पाणकावळा इथं बुडतो, आपण तिथंच डोळे लावून बसतो, आणि तो वर येतो भलतीकडेच, चोचीत मासा घेऊन. कालच्या प्रश्नाचं उत्तर आज देणारं तुमचं पोर दुसरं काय करतंय?

‘लीन’मध्ये भक्तीचा गोडवा आहे, म्हणून तो शब्द आदराचा, असं त्याचे कैवारी सांगतात. मला हे मुळीच पटत नाही. त्या मुलाला समाधी लागलेली नाही, ते कुणाच्या चरणीही लीन नाही. यात मराठी-कन्नड वाद कुणी आणू नये; दोन्ही शब्द संस्कृतातले, आणि ‘स्वलीनता’ हिंदीतही चालते.

हजेरीच्या शेऱ्यात ‘मतिमंद’ असेल तर आधी तो खोडा. ‘स्वमग्न’ लिहा, नाहीतर सरळ ‘ऑटिझम’, दोन्ही चालतील. आणि मलप्रभेकाठी तुमच्याकडे पाणकावळ्याला काय म्हणतात, तेवढं जरूर कळवा.