रॉयल जेली, प्रोपोलिस, परागकण घेतल्याने आयुष्य वाढतं का?

माणसाचं आयुष्य त्यांनी वाढतं याचा पुरावा नाही.

ही समजूत राणीमाशीवरून आली आहे. रॉयल जेली म्हणजे कामकरी माश्यांच्या शरीरातून पाझरणारा चीक, आणि राणीला तोच खायला मिळतो. उन्हाळ्यातली कामकरी माशी जेमतेम दीड महिना जगते, राणी दोन-तीन वर्षं किंवा त्याहूनही जास्त, आणि दोघी जन्मतात सारख्याच अंड्यांतून. पण कामकरी अळीलाही पहिले दोन-तीन दिवस तसलाच चीक मिळतो. मग तिचा आहार बदलतो, राणीचा बदलत नाही. त्यातून अंडाशय, संप्रेरकं, सगळी शरीररचनाच वेगळी घडते. शिवाय राणी पोळ्यात सुरक्षित राहते, कामकरी उन्हातान्हात उडून झिजते. पूर्ण वाढलेल्या माणसाने चमचाभर जेली खाल्ली तर यातलं काय घडणार?

प्रयोगशाळेत रॉयल जेलीवर सूत्रकृमी नावाचे बारीक जंत जास्त जगले, हे खरं. पण तो जीव जगतोच मुळात दोन-तीन आठवडे.

प्रोपोलिस, म्हणजे माश्या झाडांच्या डिंकापासून बनवतात तो चिकट पदार्थ, जंतूंना रोखतं, मधाने खोकल्याला आराम पडतो. तेवढ्यासाठी जरूर घ्या. दमा किंवा परागकणांची ॲलर्जी असेल तर मात्र रॉयल जेली आणि परागकण टाळाच. रॉयल जेलीमुळे दम्याचे जीवघेणे झटके आल्याच्या नोंदी आहेत. वॉरफेरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि हे कळकळीने सांगते: एक वर्षाखालच्या बाळाला मध चाटवू नका, आजी कितीही आग्रह करो. त्यातून बॉट्युलिझम, म्हणजे जंतूंच्या विषामुळे होणारा गंभीर आजार, होऊ शकतो.