क्राकोहून म्युनिकला जाण्याआधी ऑनलाइन घर पक्कं करून डिपॉझिट भरावं का?

तुम्ही विचारलंय: नवरा-बायको दोघं सध्या क्राकोत, पुढच्या महिन्यात म्युनिकला रुजू व्हायचंय, बजेट 1,200 युरो, तर जाण्याआधी ऑनलाइन घर बघून डिपॉझिट भरून टाकावं का, आणि कोणता भाग चांगला?

नाही. भरू नका. एक युरोसुद्धा नाही.

खरं तर इथेच थांबायला हवं, पण 'आधी घर पक्कं करून टाका' हे वाक्य मी 2019 च्या फेब्रुवारीत इतक्यांदा ऐकलंय की आता थांबवत नाही. वाक्य माझ्या दादाचं. दादाचे पिंपळे सौदागरला दोन फ्लॅट भाड्याने दिलेले आहेत, त्यामुळे भाड्याच्या घरातलं त्याला कळत नाही असं या पृथ्वीवर काही उरलेलं नाही.

आम्ही तेव्हा प्रागमध्ये होतो. म्युनिकची नोकरी मला लागली होती, 1 एप्रिलला हजर व्हायचं होतं, मुलगी चार वर्षांची. दादाचा रोज फोन. "लेकराला घेऊन काय हॉटेलात राहणार? चांगलं घर दोन दिवस थांबत नाही. टोकन देऊन अडकवून टाका." पुण्यात हे चालतं. टोकन दिलं की घर अडकलं, अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट, एजंटला एक भाडं, विषय संपला. मी म्हणत होते, आधी दोन-तीन महिन्यांसाठी फर्निश्ड काहीतरी घेऊ, तिथे राहून शोधू. नवऱ्याला दादाचं पटलं. (माझ्या माहेरचं माणूस नवऱ्याला पटण्याचा तो एकच प्रसंग.)

मग ती जाहिरात आली. श्वाबिंगमध्ये दोन खोल्या, 64 चौरस मीटर, बाल्कनी, सगळं धरून 890 युरो. म्युनिकमध्ये इतक्या पैशांत त्या भागात असं घर मिळत असतं तर लोक रात्री रांगा लावून झोपले असते, पण हे आम्हाला कुठे ठाऊक? मालक डॉक्टर, सध्या एडिनबरोला. चावी त्याच्याकडेच, म्हणून घर दाखवता येत नाही. आधी 900 युरो पाठवा, चावी कुरियरने येईल, घर आवडलं नाही तर पैसे परत. विश्वासासाठी स्वतःच्या पासपोर्टचा फोटोही पाठवला होता त्याने. आता वाटतं, तो पासपोर्ट आमच्यासारख्याच कुणीतरी भाडेकरू म्हणून त्याला पाठवलेला असणार. आमचेही त्याने मागून घेतले होतेच.

फोटो नीट बघायचे असतात. स्वयंपाकघराच्या फोटोत ओट्याच्या वर प्लगपॉइंट दिसत होता: गोल खळगा, दोन भोकं आणि त्यांच्या वरच्या बाजूला बाहेर आलेली एक पिन. जर्मन प्लगपॉइंटला ही पिन नसते, खळग्याच्या काठाला समोरासमोर धातूच्या दोन पट्ट्या असतात. पिनवाला चेक लोकांचा, पोलंडचाही तोच. आत्ता तुमच्या क्राकोच्या भिंतीकडे बघा, दिसेल. म्हणजे घर म्युनिकमधलं नव्हतंच. आमच्या प्रागच्या ओट्यावर अगदी तसाच पॉइंट होता, रोज त्यात मिक्सर लावायचो, म्हणूनच तो खटकला नाही.

एक गोष्ट मात्र खटकली होती. खात्याचा आयबॅन (आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक) जर्मनीच्या 'डीई'ने सुरू होण्याऐवजी 'ईएस'ने होत होता. डॉक्टर जर्मन, राहायला स्कॉटलंडमध्ये आणि खातं स्पेनचं. नवऱ्याने दादाला विचारलं. दादा म्हणाला, "अरे, युरोपात सगळं एकच ना आता."

गुरुवारी रात्री पैसे गेले. शनिवारपासून डॉक्टरसाहेब गप्प. सोमवारी बँकेत गेले तर बाई शांतपणे म्हणाल्या, समोरच्या खात्यात जमा झालेली रक्कम त्याच्या संमतीशिवाय परत ओढता येत नाही. पोलिसांत तक्रार दिली, कागदावर एक नंबर मिळाला. तो कागद अजून आहे. प्रागहून म्युनिकला बसने पाच तास लागतात हो. पाच तास! एक दिवस रजा टाकून त्या दारात जाऊन उभं राहायला काय झालं होतं?

उभी राहिले, पण एप्रिलमध्ये, मुलीचा हात धरून. इमारत खरी होती. दाराच्या काचेवर आतल्या बाजूने प्लॅस्टिकच्या पाकिटात एक कागद चिकटवलेला होता, जर्मन आणि इंग्रजीत: या इमारतीत भाड्याने घर उपलब्ध नाही, इंटरनेटवरील जाहिराती खोट्या आहेत. कागद उन्हाने पिवळा पडला होता.

असो. आता तुमच्या कामाचं.

तात्पुरतं फर्निश्ड घर घ्या, महाग पडलं तरी. मात्र आधी लेखी विचारा: 'आनमेल्डुंग' करता येईल का? घरात राहायला आल्यापासून 14 दिवसांत पत्ता नोंदवावा लागतो, त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो आणि सुट्टीपुरती घरं देणारे पुष्कळजण तो देत नाहीत. नोंदणी झाली की तुमचा कर क्रमांक पोस्टाने येतो. पोस्टपेटीवर तुमचं आडनाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. आमच्या पेटीवर घर देणाऱ्या कंपनीचंच नाव होतं, पत्र परत गेलं आणि कर क्रमांक नाही म्हणून माझ्या पहिल्या पगारातून सहाव्या वर्गाने, म्हणजे सगळ्यात जास्त, कर कापला गेला. निम्मा पगार बघून मला वाटलं, एचआरची चूक झाली. पैसे नंतर मिळाले, पण तोवर मी पेटीवर मेडिकलच्या चिकटपट्टीने आडनाव लावून टाकलं होतं.

दादाचं दुसरं म्हणणं, जे तो अजूनही प्रत्येक लग्नात सांगतो: "तीन महिने फर्निश्डमध्ये पैसे उडवले यांनी." एका खोलीचे महिना 1,450 युरो भरत होतो, हे खरं आहे. पण त्या पत्त्यावर बँक खातं उघडलं, पगाराच्या तीन पावत्या जमा झाल्या, शुफामध्ये (ही तिकडची पत बघणारी कंपनी, हिच्या कागदाशिवाय कुणी दारात उभं करत नाही) माझं नाव आलं. या कागदांशिवाय प्रागहून पाठवलेल्या 40 अर्जांना उत्तरं आली होती दोन. त्यातलं एक डॉक्टरसाहेबांचं.

मालक इतके चिकित्सक का, हेही दादाला कधी पटलं नाही. त्याला अकरा महिने संपले की भाडेकरू बदलता येतो. जर्मनीत करार साधारणपणे बेमुदत असतो आणि मालकाला ठोस कायदेशीर कारण असल्याशिवाय भाडेकरू काढता येत नाही. एकदा आत घेतलेला माणूस वीस वर्षं राहू शकतो, मग ते निवडून घेणारच. एजंटला पैसे चारूनही उपयोग नाही: 1 जून 2015 पासून ज्याने एजंट नेमला त्यानेच त्याची फी द्यायची असा नियम आहे. घर दाखवायचे पैसे मागणारा दिसला तर पळा.

आम्हाला घर मिळालं ते ऑफिसमधल्या एका मुलीमुळे. ती म्युनिकच्याच लाइम भागातला फ्लॅट सोडत होती, तिने मालकिणीला आमचं नाव सुचवलं. याला 'नाखमीटर' म्हणतात, सोडणाऱ्याच्या जागी येणारा भाडेकरू. रुजू झाल्या दिवसापासून कँटीनमध्ये सगळ्यांना सांगत सुटा, लाजू नका. मालकीणबाई पंच्याहत्तरीच्या. त्यांनी विचारलं: मूल रविवारी उड्या मारतं का? भिंतींना बुरशी येऊ नये म्हणून रोज खिडक्या सताड उघडून हवा खेळवणार ना? आणि तुमच्या स्वयंपाकाला वास किती? मला दादाची जाहिरात आठवली, 'फक्त फॅमिली, नॉनव्हेज चालणार नाही'. मी हसले. बाईंना वाटलं, माझा स्वभाव आनंदी आहे.

घर म्हणजे चार भिंती, हे तिकडे शब्दशः खरं असतं. प्रागमध्ये घराच्या वर्णनातच '2+केके' लिहितात, त्यातलं केके म्हणजे स्वयंपाकाचा कोपरा. लाइममध्ये स्वयंपाकघरात ओटा, सिंक, शेगडी सगळं त्या मुलीचं होतं, तिला 1,100 युरो देऊन ठेवून घेतलं. दिवे ती काढून घेऊन गेली होती. छतातून नुसत्या वायरी लोंबत होत्या, पहिली रात्र मोबाइलच्या उजेडात खिचडी खाल्ली. येताना दोन बल्ब आणि होल्डर आणा.

तुमचे 1,200 हे 'वार्म' की 'काल्ट'? काल्ट म्हणजे नुसतं भाडं. वार्ममध्ये गरम करण्याचा आणि सोसायटीचा खर्च येतो, वीज आणि इंटरनेट बहुतेक वेळा वेगळं. वार्म असतील तर दोघांसाठी बजेट ओढाताणीचं आहे, स्पष्टच सांगते. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन काल्ट भाडी, आणि कायद्याने तीन हप्त्यांत देता येतं. पण सही होण्याआधी हा कायदा मालकाला ऐकवू नका. क्राकोच्या मालकाकडून 'भाडं वेळेवर दिलं' असं पत्र आणा, त्याचा आम्हाला फायदा झाला. कोणता भाग चांगला? जो मिळेल तो.

हेही सांगायला हवं की हे सगळं म्युनिकचं आहे आणि 2019 चं आहे. लाइपझिगला गेलेली माझी मैत्रीण पंधरा दिवसांत घर घेऊन मोकळी झाली. तुमची कंपनी स्वतः घर शोधून देत असेल, किंवा ओळखीचं माणूस आत जाऊन व्हिडिओ कॉलवर नळ सोडून दाखवत असेल, तर ऑनलाइन करारही चालेल. दादाच्या बाजूनेही एक आहे: पैसे भरा म्हणाला तो, पण फोटो आम्ही बघितले होते, त्याने नाही. 'ईएस' बघून नवरा निदान अडखळला तरी. मी त्याच्या खांद्यावरून वाकून बाल्कनीत तुळस कुठे ठेवायची ते ठरवत होते, आणि "पाठव ना, काय विचार करतोस" असं म्हणणारी मीच होते. हे दादाला अजून माहीत नाही.