वाचकांचे प्रश्न : पगार सोडण्याआधीचा हिशेब

नोकरी सोडून पूर्णवेळ फ्रीलान्सिंग करावं का, या विषयावर बरीच पत्रं आली आहेत. बहुतेकांनी ‘स्वातंत्र्य की स्थैर्य’ असं विचारलंय. आम्ही मात्र उत्तरं देताना तास, येणी आणि करार यांच्याकडेच जास्त पाहिलंय, कारण गाडी अडते ती तिथेच.

प्रश्न : आठ वर्षं एका कंपनीत ग्राफिक डिझायनर आहे. बाहेरचे दोन क्लायंट नियमित काम द्यायला तयार आहेत. पगाराला कामाच्या तासांनी भागून येणारा दर, वर २० टक्के, असं सांगितलं तर चालेल का?

नाही चालणार. पहिल्या वर्षातच अंगावर येईल.

तुम्ही केलेला भागाकार पगारदाराचा आहे. वर्षाच्या ३६५ दिवसांतून शनिवार-रविवारचे १०४ वजा केले की २६१ दिवस उरतात, म्हणजे रोजचे ८ धरून २,०८८ तास. कंपनी या सगळ्या तासांचे पैसे देते. त्यात मीटिंगमध्ये नुसतं बसलेले तास आले, सणाची सुट्टी आली, तापाने झोपून काढलेले दिवस आले. फ्रीलान्सरला पैसे मिळतात ते फक्त बिलात लिहिता येतील त्या तासांचे.

आता खरा हिशेब करू. २६१ मधून १२ सार्वजनिक सुट्ट्या, १८ दिवस रजा आणि ६ दिवस आजारपण काढा. उरले २२५ दिवस, म्हणजे १,८०० तास. यातले सगळे बिलात जात नाहीत. कोटेशन तयार करणं, नव्या क्लायंटशी बोलणं, बिलं काढणं, त्यांचा पाठपुरावा, नवं सॉफ्टवेअर शिकणं, क्लायंटचा अभिप्राय येईपर्यंत थांबणं, या सगळ्यात वेळ जातो आणि त्याचं बिल कुणालाच लावता येत नाही. ज्याचा जम बसलाय त्यानेही ६० टक्क्यांच्या वर धरू नये. म्हणजे हाती आले १,०८० तास.

दुसरी बाजू रकमेची. तुमचा महिन्याचा पगार १०० मानू, म्हणजे वर्षाचा १,२००. विमा, निवृत्तीसाठीचा कंपनीचा वाटा, बोनस, प्रशिक्षण असं पगाराच्या चिठ्ठीबाहेर जे मिळतं ते साधारण २५ टक्के धरा. तुमच्या कागदांवरून नेमका आकडा काढता आला तर उत्तमच. झाले १,५००. त्यात संगणक, सॉफ्टवेअरची वर्गणी, इंटरनेट, हिशेबनिसाची फी असा धंद्याचा खर्च १५० मिळवा. १,६५० भागिले १,०८०, म्हणजे तासाला सुमारे १.५३. तुमचा आजचा दर १,२०० भागिले २,०८८, म्हणजे ०.५७. फरक अडीचपटीहून जास्त आहे, आणि तोही आज आहे तिथेच राहण्यासाठी. बिलात जाणारे तास ४५ टक्क्यांवर आले तर हाच फरक साडेतीनपट होतो. पहिल्या वर्षी ४५ टक्केच धरा.

‘एवढा दर ऐकून क्लायंट पळेल’ ही भीती असते. म्हणून ताशी दर स्वतःपुरता ठेवा आणि क्लायंटला कामाची एकूण रक्कम सांगा. ब्रँडची पूर्ण ओळख (लोगो, रंग, अक्षरं वगैरे) ४० तासांत तयार होईल असं वाटत असेल तर ६० तास धरून किंमत काढा. अंदाज कमी पडतो तो बहुधा डिझाइनमध्ये नाही, फाइलींची देवाणघेवाण आणि मंजुरीची वाट यात पडतो.

आणखी एक. तुमचे दोन्ही क्लायंट आज संध्याकाळच्या फावल्या वेळच्या दरात काम घेत असतील, तर पूर्णवेळ झाल्यावरचा दर त्यांना परवडतो का, हे राजीनाम्याच्या आधी विचारा. होकार ईमेलवर घ्या.

प्रश्न : नोकरी सांभाळून दीड वर्ष कंटेंट लिहितेय. गेल्या महिन्यात बाहेरची कमाई पगाराएवढी झाली. आता राजीनामा द्यावा का? किती पैसे साठलेले असावेत?

एका महिन्यावरून ठरवू नका. गेल्या सहा महिन्यांची बाहेरची कमाई चढत्या क्रमाने लिहा आणि मधल्या दोन आकड्यांची सरासरी घ्या. ती पगाराच्या निम्मी असली आणि तेवढ्यासाठी आठवड्याला १०-१२ तासच लागत असले, तर पाया बरा आहे. त्यासोबत हेही पाहा : किमान तीन क्लायंट आहेत का, त्यांतला एखादा स्वतःहून दुसऱ्यांदा आलाय का, आणि एखादा जुन्या क्लायंटच्या शब्दावर आलाय का? कुणा एकाकडून ४० टक्क्यांहून जास्त रक्कम येत असेल तर थोडं थांबा. त्या कंपनीतला तुमचा माणूस बदलला की काम थांबतं. कामाच्या दर्जाचा त्याच्याशी संबंध नसतो.

आता शिल्लक. १ जानेवारीला काम सुरू केलंत, ३१ जानेवारीला बिल पाठवलंत आणि मुदत ४५ दिवसांची असली तर पैसे १७ मार्चला येतात, तेही सगळं सुरळीत झालं तर. म्हणजे अडीच महिने एक पैसा नाही आणि घरभाडं मात्र तीनदा गेलेलं. त्यात एखादं बिल लांबलं तर चौथा महिनाही कोरडा जातो. म्हणून सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला हवा, आणि विमा, मुलांची फी असे वर्षातून एकदा येणारे खर्च त्याच्यावर वेगळे. घरात दुसरा पगार येत असेल तर चार महिन्यांवर भागेल.

कराचे पैसे या शिल्लकेत मोजू नका. पगारातून कर आपोआप कापला जातो. फ्रीलान्सिंगमध्ये तो संपूर्ण कापून घेणारं कुणी नसतं आणि खात्यातली रक्कम आपलीच वाटते. वेगळं खातं काढा आणि तुमच्या कराच्या टप्प्यानुसार प्रत्येक जमेतला ठरावीक हिस्सा त्याच दिवशी तिकडे वळवा. पहिल्या वर्षी चांगली कमाई होऊनही अनेकांची तारांबळ उडते ती हे न केल्याने.

राजीनाम्याआधी उरकायची कामं : गृहकर्ज घ्यायचं असेल तर आधी मंजूर करून घ्या, कारण स्वतःचा व्यवसाय असलेल्यांकडे बँका सहसा दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं मागतात. कंपनीच्या गट आरोग्य विम्याचं संरक्षण नोकरीबरोबर जातं आणि नव्या पॉलिसीत आधीच्या आजारांसाठी प्रतीक्षाकाळ असतो, तेव्हा स्वतःची पॉलिसी नोकरीत असतानाच सुरू करा. आणि नेमणुकीचं पत्र काढून नीट वाचा. बाहेरचं काम, कंपनीचे ग्राहक आणि कंपनीच्या लॅपटॉपवर तयार झालेलं साहित्य, या तिन्हींबद्दल त्यात काय लिहिलंय ते पाहा. तुमचे आजचे बाहेरचे क्लायंट कंपनीच्याच ओळखीतून आलेले असतील, तर हा मुद्दा वकिलाला दाखवून घ्या.

प्रश्न : वेब डिझायनर आहे. काम भरपूर आहे, पण क्लायंट ‘एवढं एक बदलून द्या ना’ म्हणत राहतात आणि पैसे महिनोन्महिने अडकतात. भिडेखातर बोलता येत नाही. नोकरी परवडली असं वाटू लागलंय.

नोकरीचा विचार जरूर करा, पण तुमचं दुखणं कामाच्या पद्धतीत नाही, कागदात आहे. ‘वेबसाइट तयार करून देणे’ असं एका ओळीत काम घेतलंत की प्रत्येक बदल त्या ओळीत बसतो. क्लायंट लबाडच असतो असं नाही, त्याला सीमाच दिसत नाही. कोटेशनमध्ये असं लिहा :

‘मुख्य पानाचे दोन नमुने. निवडलेल्या एका नमुन्यावर दुरुस्तीच्या दोन फेऱ्या. एका फेरीतील सर्व दुरुस्त्या एकाच ईमेलमध्ये द्याव्यात. त्यापुढील प्रत्येक फेरीस ताशी दराने वेगळा आकार. मजकूर आणि छायाचित्रे ग्राहक पुरवेल. काम सादर केल्यापासून कामकाजाच्या सात दिवसांत उत्तर न आल्यास ते मंजूर समजले जाईल.’

‘एकाच ईमेलमध्ये’ हे शब्द गाळू नका. फेऱ्या दोनच म्हटल्या आणि दुरुस्त्या व्हॉट्सअ‍ॅपवर सुट्या सुट्या येत राहिल्या, तर फेरी कुठे संपली हे कुणालाच सांगता येत नाही.

रक्कम तीन हप्त्यांत घ्या. ४० टक्के आगाऊ, ३० टक्के नमुना मंजूर झाल्यावर, ३० टक्के साइट चालू करण्यापूर्वी. चालू केल्यानंतर नव्हे. शेवटचा हप्ता याहून मोठा ठेवला की वेब डिझायनर हमखास अडकतो, कारण साइट तयार असते आणि क्लायंटचा ‘आमच्याविषयी’चा मजकूर चार महिने येत नाही. म्हणून हप्त्याला तारखेची जोडही द्या : ‘साइट चालू करण्यापूर्वी किंवा नमुना मंजूर झाल्यापासून ६० दिवसांनी, यांपैकी जे आधी घडेल ते.’ डिझाइनचे हक्क पूर्ण रक्कम मिळाल्यावरच ग्राहकाकडे जातील, हेही लिहा.

मोठ्या कंपनीकडे पैसे अडकतात त्यामागे बहुधा क्षुल्लक कारण असतं. बिलावर खरेदी आदेशाचा क्रमांक नाही, कंपनीचं नोंदणीकृत नाव चुकलंय, पुरवठादार म्हणून तुमची नोंदणीच झालेली नाही, किंवा बिल मॅनेजरच्या इनबॉक्समध्ये पडून आहे आणि लेखा विभागाने ते पाहिलेलंच नाही. अनेक ठिकाणी पैसे महिन्यातून एकाच दिवशी सोडतात. तो दिवस हुकला की पुढच्या महिन्यापर्यंत वाट बघा. काम सुरू करतानाच विचारून घ्या : बिल कोणत्या पत्त्यावर पाठवायचं, त्यावर काय काय हवं, पैसे कोणत्या तारखेला सुटतात.

भिडेवर उपाय म्हणजे पाठपुराव्याच्या तारखा आधीच ठरवणं. मुदतीच्या तीन दिवस आधी बिल मिळाल्याची खात्री करणारा ईमेल. मुदत उलटून तीन दिवसांनी आठवण. दहा दिवसांनी थेट लेखा विभागाला फोन. पंधरा दिवसांनी, करारात तशी अट घालून ठेवलेली असेल तर, काम थांबवल्याचं लेखी कळवायचं. तारखा ठरलेल्या असल्या की दर वेळी ‘आता विचारू का?’ ही घालमेल राहत नाही. एवढं सहा महिने करूनही येणी तशीच राहिली तर क्लायंट बदला, आणि मग नोकरीचं पाहा.

प्रश्न : एक कंपनी मला ‘फ्रीलान्सर’ म्हणून घेतेय. रोज नऊ ते सहा, त्यांच्याच लॅपटॉपवर, दुसरं काम घ्यायचं नाही. पैसे सध्याच्या पगाराहून १५ टक्के जास्त.

ही नोकरीच आहे, फक्त रजा, विमा आणि नोटिशीचा काळ काढून घेतलेली. १५ टक्क्यांत त्यांची भरपाई होत नाही. वेळ, साधनं आणि एकनिष्ठा तिन्ही मागणाऱ्याने नोकरीची हमीही द्यावी. कर आणि कामगार कायद्याच्या नजरेत अशा व्यवस्थेला अनेक देशांत नोकरीच मानलं जातं, आणि पुढे वाद झाला तर त्यात तुम्हीही भरडले जाता. घ्यायचंच असेल तर ‘दुसरं काम घ्यायचं नाही’ ही अट काढायला लावा आणि दोन्ही बाजूंना ६० दिवसांची नोटीस मागा.

प्रश्न : नुकतंच शिक्षण संपलंय. थेट फ्रीलान्सिंग सुरू करू का?

आमचं मत : आधी दोन-तीन वर्षं नोकरी करा, तीही तुमच्यापेक्षा अनुभवी लोक तुमचं काम तपासतील अशा ठिकाणी. क्लायंट चुका समजावून सांगत नाही, पुढचं काम दुसऱ्याला देतो.

प्रश्न : चार वर्षं फ्रीलान्स प्रोग्रॅमिंग करतोय. आता एका नावाजलेल्या कंपनीची ऑफर आहे. परत जाणं म्हणजे हार मानणं वाटतं, शिवाय आकडाही माझ्या वार्षिक बिलांपेक्षा कमी आहे.

बिलांची बेरीज आणि पगार यांची तुलना होत नाही. बेरजेतून खर्च वजा करा, बुडालेली येणी वजा करा, स्वतः भरलेला विमा आणि निवृत्तीसाठी टाकायला हवी होती ती रक्कमही वजा करा. उरेल ती रक्कम ऑफरमधल्या पक्क्या पगाराशी ताडून बघा. ‘पक्क्या’ यासाठी, की ऑफरमधला काही भाग कामगिरीवर अवलंबून असतो. शेअर दिले असतील तर ते बऱ्याचदा चार वर्षांत टप्प्याटप्प्याने हाती येतात आणि पहिलं वर्ष पूर्ण होण्याआधी सोडलंत तर काहीच मिळत नाही. ते आजच्या कमाईत धरू नका.

हारजितीचा प्रश्न आम्हाला दिसत नाही. काही कामं एकट्याने होतच नाहीत : लाखो वापरकर्त्यांची प्रणाली चालवणं, दहाजणांची टीम घडवणं. अशा कामाची ओढ असेल तर ऑफर घ्या. बिलं आणि पाठपुरावा यांचाच कंटाळा आला असेल, तर महिन्याला काही तासांचा हिशेबनीस कितीतरी स्वस्त पडेल.

घेणार असाल तर सही करण्याआधी तीन कलमं तपासा. नोटिशीचा काळ, कारण एक महिना आणि तीन महिने यांत पुढची संधी हातात येण्या-जाण्याचा फरक असतो. बौद्धिक संपदेचं कलम, कारण ‘नोकरीच्या काळात तयार केलेलं सर्व काही’ असा शब्दप्रयोग असेल तर तुमचं रविवारचं कामही कंपनीचं ठरवलं जाऊ शकतं. ‘कंपनीच्या कामासाठी तयार केलेलं’ असा बदल मागा. आणि बाहेरच्या कामावरची बंदी. आधीपासून तुमच्या मालकीचं असलेलं कोड आणि ज्यांची देखभाल अजून शिल्लक आहे असे क्लायंट यांची यादी करून ती करारासोबत जोडा, आणि ती कामं पुरी करायला लेखी मुदत घ्या. दोन-तीन महिन्यांची मुदत मागितली तर सहसा कुणी नाही म्हणत नाही, पण ती रुजू होण्याआधी मागायची.