गांजा, गोळ्या आणि कायदा: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मुलगा दोन वर्षांपासून गांजा ओढतो. परवा पोलिसांनी त्याला पुडीसह धरलं. आता त्याचं सगळं संपलं का? – एक आई, साक्री

नाही ताई, संपलेलं नाही. आधी पंचनाम्यातलं वजन पाहा. १९८५च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यात एक किलोपर्यंतचा गांजा ‘अल्प प्रमाण’ धरतात. त्याला जास्तीत जास्त एक वर्ष कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण तुमच्या कामाचं आहे ते कलम ६४-अ. अल्प प्रमाणात सापडलेल्या व्यसनी माणसाने स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घेतले, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले, तर ही सवलत काढून घेता येते.

दुःख याचं की हे कुणी मागतच नाही. ‘कबूल कर, दंड भर, मोकळा हो’ असा सल्ला मिळतो. पोरगा सुटतो, गुन्हा नावावर राहतो आणि व्यसन तसंच. असं करू नका. मनोविकारतज्ज्ञांचा कागद जोडून कोर्टात लेखी अर्ज द्या. तो दोषी ठरला, तरी कलम ३९ खाली शिक्षेऐवजी उपचारासाठी बंधपत्रावर सोडण्याचा अधिकार कोर्टाला आहे. मुलगा कोठडीत असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण वकील मोफत देतं.

धाकट्या भावाच्या कपाटात ‘कुत्ता गोळी’ची पाकिटं सापडली. औषधच आहे ना, गुन्हा कसला? – धुळे

ही गोळी म्हणजे अल्प्राझोलम, चिंता आणि झोपेच्या त्रासावर देतात ते औषध. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय जवळ बाळगणं गुन्हा आहे. अल्प प्रमाणाची मर्यादा पाच ग्रॅम. गोळीत औषध अर्धा मिलिग्रॅम असतं, म्हणून घरचे निर्धास्त राहतात. पण हिरा सिंग खटल्यात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की मिश्रणाचं एकूण वजन धरायचं. म्हणजे अख्ख्या गोळीचं. शंभर ग्रॅमच्या पुढे किमान दहा वर्षं, आणि जामीन अतिशय अवघड. गोळ्या पुरवणारा आणि खाणारा यांना एकाच मापाने तोलणारी ही पद्धत मला अन्यायाची वाटते, पण आज कायदा हाच आहे. भावाला आजच उपचाराला न्या. १४४४६ ही व्यसनमुक्तीची मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

बटाईने दिलेल्या शेतात तुरीच्या आडोशाला गांजाची झाडं दिसली. गप्प बसू का? – शेतकरी, शिरपूर

अजिबात नको, भाऊ. कलम ४६ नुसार जमीनधारकाने ताबडतोब कळवायचं असतं. माहीत असून लपवलं, तर तुम्हालाही शिक्षा. लागवडीला दहा वर्षांपर्यंत कैद आहे. झाडं स्वतः उपटू नका. पोलीस ठाण्यात लेखी द्या आणि पोच घ्या.