भाड्याची मदत कुठल्या मर्यादेत अडकली, ते आधी शोधा

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये स्लाउला दोन बेडरूमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. आम्ही नवरा-बायको, ११ वर्षांचा मुलगा आणि ८ वर्षांची मुलगी. आम्हा सर्वांकडे कायम वास्तव्याची परवानगी आहे. यजमानांची अनेक वर्षांची पूर्णवेळ नोकरी तीन महिन्यांपूर्वी आठवड्याला १२ तासांवर आली, मी घरीच असते. युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्न असलेल्यांना मिळणारी सरकारी मदत) मिळतं, पण भाडं भागत नाही. ‘मर्यादा आहे, काही करता येणार नाही,’ असं फोनवर सांगितलं. मालकाने मागितलं तर घर सोडून द्यावं का?

उत्तर : ताई, घर सोडू नका. मालकाने नुसती नोटीस दिली म्हणून तुम्ही आपण होऊन बाहेर पडलात, तर ‘जाणूनबुजून बेघर झालात’ असं ठरवून काउन्सिल (स्थानिक पालिका) पुढच्या घराची जबाबदारी झटकू शकते. नोटीस आलीच, तर ती आधी काउन्सिलच्या हाउसिंग विभागाला दाखवा.

तुम्ही पाठवलेल्या स्टेटमेंटवर एक नव्हे, दोन मर्यादा दिसतात. पहिली लोकल हाउसिंग अलाउन्सची. खासगी भाडेकरूला त्या भागासाठी ठरलेल्या दरापर्यंतच मदत मिळते. एप्रिल २०२४ मध्ये हा दर परिसरातल्या भाड्यांच्या खालच्या ३० टक्क्यांच्या पातळीवर आणला आणि २०२५ मध्ये तिथेच गोठवला. दर ठरतो तो तुमच्या फ्लॅटच्या नव्हे, तर कुटुंबाला लागणाऱ्या बेडरूमवर. भाऊ-बहिणीपैकी मोठा १० वर्षांचा झाला की दोघांची खोली वेगळी धरतात. म्हणजे तुम्हाला तीन बेडरूमचा दर, अर्थात प्रत्यक्ष भाड्यापुरताच, लागू व्हायला हवा. तुम्हाला अजून दोनचा लावलाय.

पण नुसती ही चूक दुरुस्त करून घेतलीत तर हातात एक पौंडही वाढणार नाही, कारण वर दुसरी मर्यादा, बेनिफिट कॅप, म्हणजे कुटुंबाला मिळणाऱ्या एकूण सरकारी मदतीवरची कमाल मर्यादा, बसली आहे. लंडनबाहेरच्या कुटुंबासाठी ती एप्रिल २०२३ पासून वर्षाला २२,०२० पौंड, म्हणजे महिना १,८३५ आहे. स्लाउ लंडनला कितीही चिकटलेलं असलं तरी कायद्याने लंडनबाहेरच. तेव्हा आधी कॅप काढायला हवी.

तुमची बाजू इथे भक्कम आहे. तास कमी होण्यापूर्वीच्या १२ महिन्यांत दर महिन्याला ठरावीक किमान कमाई असेल, तर कमाई घटल्यावर ९ महिने कॅप लावता येत नाही. हे किमान म्हणजे आठवड्याला १६ तासांचं नॅशनल लिव्हिंग वेज (कायद्याने ठरलेलं किमान वेतन). यजमान पूर्णवेळ काम करत होते, म्हणजे ती अट पूर्ण होते. क्लेम नवा असल्याने जुनी कमाई बहुधा नोंदलीच गेली नाही. आजच युनिव्हर्सल क्रेडिटच्या खात्यातल्या ऑनलाइन जर्नलमध्ये १२ महिन्यांच्या पगाराच्या पावत्या जोडून मँडेटरी रिकन्सिडरेशन, म्हणजे निर्णयाचा फेरविचार, मागा. त्यातच तीन बेडरूमचा मुद्दा लिहा, आणि मुलाची जन्मतारीख क्लेमच्या पहिल्या दिवसापासून त्यांच्याकडे आहे, हेही. मुदत निर्णयाच्या तारखेपासून एक महिना. नकार आला तर त्यानंतर महिन्याभरात ट्रिब्युनलकडे अपील करता येतं.

सवलतीचे ९ महिने संपण्याआधी दोघांची मिळून कमाई त्या १६ तासांच्या रकमेपर्यंत गेली, तर कॅप लागूच होत नाही. सध्याच्या दरात तुम्ही आठवड्याला चार-पाच तास काम धरलंत तरी बहुतेक पुरेल. हातात येणाऱ्या पगाराच्या आकड्याने पडताळून घ्या. तोवरच्या तुटीसाठी काउन्सिलकडे भाड्याच्या तातडीच्या मदतीचा अर्ज करा. तो तुम्हालाच करावा लागतो, आपोआप काही मिळत नाही.