संगणक शंका-समाधान : विंडोज 95 बसवल्यावर सी: ड्राइव्ह रिकामा दिसतो

प्रश्न : वडिलांचा जुना 486 संगणक मी जपून ठेवला आहे. त्याच्या 420 एमबी हार्ड डिस्कवर एमएस-डॉस 6.2 आणि विंडोज 3.1 होते, आणि जागा पुरत नसल्याने वडिलांनी डबलस्पेस वापरून डिस्क कॉम्प्रेस केली होती. गेल्या महिन्यात मी त्यावर विंडोज 95 बसवले. मध्येच वीज गेल्याने ते काम एकदा अर्धवट थांबले होते. आता कॉम्प्रेस केलेला ड्राइव्ह जोडता येत नसल्याचा संदेश येतो आणि सी: वर मोजक्याच फाइली दिसतात. वडिलांचे लेखन गेले असे समजावे काय? डिस्क फॉरमॅट करावी काय?
— एक वाचक, सांगली

उत्तर : लेखन गेले असे समजू नका, आणि फॉरमॅट तर मुळीच करू नका. डबलस्पेस आपल्या साऱ्या फाइली डीबीएलस्पेस.000 नावाच्या एकाच अवाढव्य, लपवलेल्या फाइलीत साठवते. संगणक सुरू होताना एक छोटा ड्रायव्हर ती फाइल उघडून तिलाच सी: म्हणून दाखवतो आणि मूळ डिस्कला बहुधा एच: हे अक्षर देतो. ड्रायव्हर चढला नाही की मूळ डिस्कच सी: म्हणून समोर येते, आणि सध्या आपल्याला तीच दिसत आहे. जागा अडवणारी निरुपयोगी फाइल समजून डीबीएलस्पेस.000 पुसणाऱ्यांचे सर्व काही एका क्षणात जाते, म्हणून हे आधी सांगतो.

काहीही दुरुस्त करण्यापूर्वी संगणकाला दुसरी हार्ड डिस्क जोडून ही फाइल तिच्यावर उतरवून घ्या. त्यासाठी अ‍ॅट्रिब या आज्ञेने तिची लपवलेली, सिस्टिम आणि केवळ-वाचनीय ही तिन्ही लक्षणे काढावी लागतील. नक्कल झाल्यावर ती लक्षणे पुन्हा लावा.

अशा बिघाडाचे नेहमीचे कारण म्हणजे मूळ डिस्कच्या रूटमध्ये, म्हणजे सर्वांत वरच्या फोल्डरमध्ये, राहून गेलेला जुना किंवा अर्धवट उतरलेला ड्रायव्हर. येथे नावांचा घोळ होतो. स्टॅक इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने पेटंटभंगाबद्दल केलेल्या दाव्यात 1994 मध्ये मायक्रोसॉफ्टविरुद्ध 12 कोटी डॉलरचा निकाल लागला, त्यानंतर डबलस्पेस मागे घेतले गेले आणि एमएस-डॉस 6.22 मध्ये त्याच्या जागी ड्राइव्हस्पेस आले. त्यामुळे आपली जुनी फाइल डीबीएलस्पेस नावाची, तर विंडोज 95 चा ड्रायव्हर डीआरव्हीस्पेस.बिन नावाचा, असे दिसेल. त्यात काही चूक नाही, कारण विंडोज 95 चा ड्रायव्हर जुन्या डबलस्पेसची फाइलही वाचतो.

आता दुसऱ्या एखाद्या विंडोज 95 संगणकावर स्टार्टअप फ्लॉपी तयार करून तिच्यावरून आपला संगणक सुरू करा. तिच्यावर हा ड्रायव्हर असतोच. तो विंडोजच्या कमांड फोल्डरमध्येही असतो, पण ते फोल्डर सध्या त्याच बंद फाइलीत अडकले आहे. फ्लॉपीवरून सुरू केल्यावर सी: वर जुन्या फाइली दिसू लागल्या, तर दोष ड्रायव्हरचाच होता. मग फ्लॉपीवरील डीआरव्हीस्पेस.बिन एच: च्या रूटमध्ये उतरवा. तेथील जुन्या फाइलीची लक्षणे आधी काढल्याशिवाय तिच्यावर नवी फाइल लिहिली जाणार नाही.

तरीही ड्राइव्ह जोडला गेला नाही, तर फाइलीची अंतर्गत नोंदवही बिघडली असावी. अशा वेळी फ्लॉपीवरील स्कॅनडिस्क या डिस्क तपासणाऱ्या साधनाला ड्राइव्हच्या अक्षराऐवजी थेट फाइलीचे नाव द्यावे, म्हणजे स्कॅनडिस्क सी:\डीबीएलस्पेस.000 अशी आज्ञा द्यावी. न जोडलेली फाइलही ते तपासते. डॉस 6.2 चे स्कॅनडिस्क किंवा डीफ्रॅग (डिस्कवरील फाइली सलग मांडणारे साधन) मात्र आता वापरू नका, कारण विंडोज 95 ची लांब फाइलनावे त्या काळच्या साधनांना कळत नाहीत आणि ती नावे कायमची बिघडू शकतात.

ड्राइव्ह उघडल्यावर दिसणारी मोकळी जागा हा केवळ अंदाज असतो, आणि तो बहुधा दोनास एक या प्रमाणावर बेतलेला असतो. साधा मजकूर चांगला आकसतो, पण आधीच झिप केलेल्या फाइली आकसत नाहीत. त्यामुळे 40 एमबी मोकळे दिसत असूनही 30 एमबीची झिप फाइल मावली नाही, तर तो बिघाड नव्हे.

पुढे हा ड्राइव्ह मूळ स्थितीत आणायचा असेल, तर सर्व फाइली कॉम्प्रेस न करता 420 एमबीत मावल्या पाहिजेत, आणि त्या बहुधा मावणार नाहीत. म्हणून सी: उघडताच वडिलांचे लेखन प्रथम दुसऱ्या डिस्कवर सुट्या फाइलींच्या रूपात उतरवा. विंडोज 98 किंवा फॅट32 या नव्या फाइलव्यवस्थेचा विचार त्यानंतरच करावा. ड्राइव्हस्पेस फॅट32 वर चालत नाही.